वेटिंग रूममधलं 'ग्रंथालय २'

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. दुपारी डबा खाताना मोबाईल समोर ठेवायचा, कुणाला घाटात काय दिसलं ते वाचायचं आणि मनात म्हणायचं... काय एकेक लोक असतात! मी स्वतः अमावास्या पाळत नाही, लिंबू ओलांडून जाते, आणि घरात कुणी 'बाहेरचं काहीतरी असेल' म्हणालं की आधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते. मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला नंबर असतो आणि नंबरला जागा असते. ज्याला दोन्ही नाही, ते माझ्या लेखी नव्हतंच.

तरी हे लिहितेय. नावं बदलली आहेत, कॉलेजचं नाव देणार नाही. आणि आधीच सांगते, या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती गाळून सांगता आलं असतं, पण मग सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

मी अंबरनाथ वेस्टला राहते. नोकरी उल्हासनगरला, कॅम्प चार या भागातल्या एका डिग्री कॉलेजच्या लायब्ररीत. कॉलेज मार्केटला लागून. खिडकी उघडली की खाली जीन्सची दुकानं, सिंधी-हिंदी-मराठीची खिचडी आणि टेम्पोचे हॉर्न. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या वाचनकक्षाच्या स्लॅबचं काम निघालं आणि हॉल बंद झाला. फर्स्ट इयरची मुलं तर आलेली. त्यांना लायब्ररी कशी वापरायची हे दरवर्षी शिकवावं लागतं. पुस्तक ऑनलाइन कॅटलॉगमध्ये कसं शोधायचं, घरून ई-जर्नल्स कशी उघडायची वगैरे. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "लॉकडाऊनमध्ये घेत होतात ना, तसंच व्हिडिओ मीटिंगवर घ्या." ठरलं. दर शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, एकेका शाखेसाठी.

लॉकडाऊनमध्ये घेत होतो, पण तेव्हा आम्ही दोघं होतो. मी आणि वाघमारे सर.

सर तेव्हा मुख्य ग्रंथपाल, मी त्यांची असिस्टंट. सरांना कॅमेरा आवडायचा नाही. मी बोलायचे, स्क्रीन शेअर करायचे, आणि सर कॅमेरा बंद ठेवून चॅटमध्ये मुलांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. छोटी छोटी, पूर्णविराम दिलेली वाक्यं. मी मीटिंगमध्ये 'ग्रंथालय १' नावाने असायचे आणि सर 'ग्रंथालय २' नावाने. मी म्हणायचे, सर, तुम्ही साहेब, तुम्ही एक नंबर घ्या. तर म्हणायचे, "बोलणारा एक नंबर असतो, मनीषा मॅडम." मला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या, मुलीच्या वयाच्या बाईला, ते कायम मॅडम म्हणत.

पुढे सर रिटायर व्हायच्या आधी पुस्तकांची मोजणी झाली आणि संदर्भ विभागातली चौदा जुनी पुस्तकं सापडली नाहीत. आता कुठे न मिळणारी. सरांनी पंधरा दिवस रोज कॉलेज सुटल्यावर थांबून शोधली. नाही मिळाली. मग कुजबुज सुरू झाली... किल्ल्या कुणाकडे असायच्या? सरांकडे. आणि उल्हासनगरात काय विकलं जात नाही? तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त निरोपसमारंभ झाला नाही. पुस्तकं गहाळ झाल्याच्या रिपोर्टवर 'जबाबदारी : ग्रंथपाल' असं होतं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही होती. मी सही करताना सर समोर उभे होते. मी वर बघितलं नाही. नंतर कळलं, त्यांना पॅरालिसिसचा ॲटॅक आला. भेटायला जायचं जायचं म्हणत मी गेले नाही.

तर... पहिला शुक्रवार. अकरा वाजून चार मिनिटांनी वेटिंग रूममध्ये, म्हणजे मी आत घेईपर्यंत लोक थांबतात तिथे, नाव आलं — 'ग्रंथालय २'.

मला वाटलं आमचा जयेश असेल. जयेश म्हणजे कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा. जुनं सेटिंग वापरून मदतीला आला असेल म्हणून मी आत घेतलं. आणि खरंच, चॅटमध्ये पटापट उत्तरं येऊ लागली. एका मुलाने विचारलं, पासवर्ड चालत नाही. उत्तर आलं, 'प्रवेश क्रमांकातील शून्य सोडू नये.' मुलं खाली 'थँक यू सर' लिहीत होती. मीटिंग संपल्यावर मी लॅबमध्ये जाऊन त्याला म्हटलं, "थँक्स हं जयेश, बरं झालं आलास."

"कुठे आलो मॅडम?"

"मीटिंगमध्ये. चॅटमध्ये उत्तरं देत होतास ना?"

"अरे मैं तो साडेदस से प्रॅक्टिकल ले रहा था. बघा ना, अजून पोरं बसलीत."

पोरं बसली होती. मला वाटलं, मजा करतोय. किंवा एखाद्या शिक्षकाने केलं असेल. मीटिंगमध्ये नाव काय, कुणीही काहीही टाकू शकतं. फक्त एक गोष्ट टोचली. ते नाव आम्हा दोघांशिवाय कुणाच्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा अकरा-चारला तेच नाव. यावेळी मी मुद्दाम आत घेतलं. म्हटलं, बघूच कोण आहे. साठेक मुलं होती. रुचिता नावाच्या मुलीने माईक चालू करून विचारलं, "मॅडम, माझ्या आईचं माहेर मिठागरवाल्यांचं आहे. मला त्याच्यावर प्रोजेक्ट करायचंय, कॅटलॉगमध्ये एक जुनं पुस्तक दिसतंय, पण पुढे 'गहाळ' लिहिलंय."

स्क्रीन माझीच शेअर होती. त्या चौदातलंच पुस्तक. मी म्हटलं, "ते आता आपल्याकडे नाही, दुसरं शोधू आपण."

चॅटमध्ये ओळ आली.

'आहे. दाखल क्रमांक ४१०७. नियतकालिकांची खोली, मागील भिंत, वाणिज्य मासिकांच्या बांधीव खंडांमागे.'

माझ्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. भीती नाही, संताप. साठ मुलांसमोर कुणीतरी माझी फजिती करत होतं. मी त्या नावाला तिथल्या तिथे मीटिंगमधून काढून टाकलं आणि पुढचं कसंबसं आटपलं.

दुपारी मी एकटीच किल्ली घेऊन नियतकालिकांच्या खोलीत गेले. तिथे कुणी जात नाही. मागच्या भिंतीचे ते जाडे खंड एकेक करून काढले. त्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, निळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेले दोन गठ्ठे होते. वर बोटभर धूळ. एका गठ्ठ्याचा कोपरा फाटला होता, त्यातून पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर दिसत होता. ४१०७.

आता मी काय केलं असेल? प्रिन्सिपल मॅडमकडे धावत गेले असेन? नाही. मी ते खंड होते तसे परत लावले, दार बंद केलं आणि जागेवर येऊन बसले. कारण माझ्या डोक्यात एकच विचार आला... म्हणजे सरांनीच लपवली होती. बांधून ठेवली, न्यायची राहून गेली. लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं. आणि हे ज्याला माहीत आहे ते सरांच्या घरातलंच कुणीतरी असणार.

सरांच्या घरात दुसरं होतं कोण? त्यांची मुलगी सुजाता. बायको आधीच गेलेली. सुजाता अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. तिची साप्ताहिक सुट्टी कधी? शुक्रवारी. हे आठवल्यावर तर माझी खात्रीच पटली.

जयेशलाही मी सोडलं नव्हतं. मीटिंगचा रिपोर्ट काढायला लावला. तो बघून म्हणाला, "मॅडम, हे नावच नाहीये लिस्टमध्ये. आणि चॅट बघा..." सेव्ह झालेल्या चॅटमध्ये मुलांचे 'थँक यू सर' होते. ज्याच्याबद्दल थँक यू म्हटलं, त्या ओळी नव्हत्या.

"तू डिलीट केल्यास का?"

जयेशचा चेहरा उतरला. "मेरे पे शक, मॅडम? आठ साल हो गये इधर."

मी सॉरी म्हटलं, पण शक काही गेला नाही. रुचिताला बोलावून विचारलं. तिने वही उघडून दाखवली. ओळ वाचल्या वाचल्या उतरवून घेतली होती तिने — ४१०७, नियतकालिकांची खोली. म्हणजे मला भास झाला नव्हता.

मग मी एक योजना केली. तिसऱ्या शुक्रवारची मीटिंग मी कॉलेजातून घेणारच नव्हते. जयेशला सांगितलं, "मला बाहेर काम आहे, मी मोबाईलवरून बोलेन. तू स्लाइड्स चालव, पण कॅमेरा चालू ठेव. मुलांना चेहरा दिसला पाहिजे." त्याचा चेहरा मुलांना नाही, मला दिसायला हवा होता. आणि सकाळी दहाला स्कूटी काढून मी बदलापूर गावात सरांच्या घरी गेले. न कळवता.

सुजाताने दार उघडलं. मला बघून बाजूला झाली नाही.

"आता कशाला आलात?"

"सरांना बघायला."

"तीन वर्षांनी?" ती म्हणाली. मग आत वळली. "या. चपला राहू द्या, ओलं आहे तिकडे."

दोन खोल्यांचं घर. पुढच्याच खोलीत खाटेवर सर. मी ओळखलंच नसतं. उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं, वाचा पूर्ण बंद. डावा हात चादरीवर, बोटं मुडपलेली. शेल्फवर एक छोटी बुद्धमूर्ती आणि चष्मा. तो चष्मा मी ओळखला. नजर माझ्यावर आली आणि तशीच राहिली. मला ती झेपली नाही, म्हणून मी घर बघायला लागले. कॉम्प्युटर कुठे? लॅपटॉप? टॅबलेट? काही दिसेना. पंखा बंद होता.

"लाईट नाही का?"

"शुक्रवार ना. दुरुस्तीसाठी जाते. दुपारी येईल."

अकराला पाच मिनिटं होती. मी सरळच म्हटलं, "सुजाता, तुझा फोन जरा माझ्याकडे देशील? अकरा-सव्वाअकरापर्यंत. का ते नंतर सांगते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. पण फोन दिला. मी तो माझ्या मांडीवर उलटा ठेवला आणि माझ्या मोबाईलवर मीटिंग सुरू केली. मुलं आली. जयेश दिसत होता, एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हाताने मुलांना 'आवाज येतोय का' खुणावत. सुजाता वडिलांना चमच्याने पेज भरवत होती. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर. मनात म्हटलं, आता ये.

अकरा वाजून चार मिनिटं.

'ग्रंथालय २' वेटिंग रूममध्ये.

मी सरांकडे बघितलं. ते पेज गिळत होते. त्यांचा डावा हात चादरीवर तसाच. माझं बोट ॲडमिटवर जाईना. शेवटी दाबलं.

जयेश स्लाइड समजावत होता. मग चॅटमध्ये —

'मनीषा मॅडम. ४१०७ चा गठ्ठा उघडा. सर्वांत वरच्या पुस्तकात चिठ्ठी आहे.'

माझ्या तोंडून काय आवाज निघाला कुणास ठाऊक. सुजाता वाटी ठेवून उठली. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. वडिलांकडे बघितलं.

"हे पप्पांचं लिहिणं आहे," ती हळूच म्हणाली. "असंच लिहायचे ते, पूर्णविराम देऊन..." आणि मग तिचा चेहरा एकदम बदलला. "मॅडम, तुम्हीच बसवलंय ना कुणाला तरी? एवढं झालं ते कमी पडलं, म्हणून घरी येऊन मजा बघताय? कसली चिठ्ठी?"

मी तिच्यावर संशय घेऊन आले होते, आणि आता ती माझ्यावर घेत होती. बरोबरच होतं तिचं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "शप्पथ. मला खरंच माहीत नाही."

"मग जाऊन बघा," ती म्हणाली. "आणि जे असेल ते मला कळवा. लपवू नका."

तिथून मी स्कूटीवर कॉलेजला कशी पोहोचले, रस्त्यात काय लागलं, आठवत नाही. नियतकालिकांची खोली उघडली, खंड खाली ओढले, गठ्ठा बाहेर काढून सुतळी कापली. वरच्या पुस्तकात, पुठ्ठ्याच्या आत, आमच्या ऑफिसच्या पॅडचा चौकोनी कागद होता.

'गळतीमुळे तात्पुरते हलवले. सरांना सांगणे. — म.'

अक्षर माझं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. आणि मग सगळं आठवलं. भराभर नाही, एकेक तुकडा. लॉकडाऊन नुकतं सैल झालेलं, आम्ही एक दिवसाआड यायचो. त्या दिवशी माझी ड्यूटी होती, किल्ल्या माझ्याकडे, सर घरी. संदर्भ विभागाच्या कपाटावर स्लॅबमधून पाणी ठिबकत होतं. मी एकटीने ती चौदा पुस्तकं पुसली, निळ्या प्लास्टिकमध्ये बांधली आणि कोरड्या भिंतीजवळ, खंडांमागे ठेवली. दुसऱ्या दिवशी मला ताप. मग टेस्ट पॉझिटिव्ह. मग सासूबाई हॉस्पिटलात, ऑक्सिजन, धावाधाव... परत कामावर आले तेव्हा महिना उलटून गेला होता. आणि त्या गठ्ठ्यांची आठवण माझ्या डोक्यातून पुसून गेली होती. पूर्ण. मोजणीच्या वेळी मी सरांबरोबर कपाटं तपासली, तेव्हाही नाही आठवलं. हे तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर.

सुजाताला फोन केला. चिठ्ठी वाचून दाखवली. तिने ती मला पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "हे लेखी द्याल?"

"देईन."

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "मनीषा, पुस्तकं मिळाली ना? झालं तर. कशाला जुनं उकरतेस? कॉलेज तपासायला कमिटी यायचीय पुढच्या महिन्यात." मी म्हटलं, मॅडम, रिपोर्टवर माझी सही आहे, तो रिपोर्ट चुकीचा आहे हेही माझ्याच सहीने गेलं पाहिजे. तीन दिवस त्या टाळत राहिल्या. चौथ्या दिवशी पत्र निघालं. पुस्तकं ग्रंथालयातच होती, वाघमारे सरांचा काही दोष नाही, कॉलेजला खेद आहे. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा आला. यायलाच हवा होता. रुचिता पुस्तक घेऊन गेली.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते नाव आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

मी खूप डोकं लावलंय. जयेश म्हणतो, जुन्या अकाउंटचा काहीतरी बग असेल. बग नाव दाखवेल, चिठ्ठी कशी सांगेल? नवरा म्हणतो, तुझ्याच मनाच्या तळाशी होतं, ते तुला दिसलं. मग रुचिताच्या वहीत कसं उतरलं? सुजाताने ते माझ्यासोबत कसं वाचलं? कुणी मला चिठ्ठी लिहिताना पाहिलं होतं म्हणावं, तर त्या दिवशी मजल्यावर मी एकटी होते. आणि सरांना... सरांना माहीत असतं तर पंधरा दिवस ते शोधत कशाला राहिले असते?

की त्या पंधरा दिवसांत कधीतरी त्यांना तो गठ्ठा सापडला होता? त्यांनी चिठ्ठी वाचली, माझं अक्षर ओळखलं, आणि पुन्हा होता तसा ठेवून दिला? मी तेव्हा नोकरीत कायम झाले नव्हते. हे तेव्हा रिपोर्टमध्ये आलं असतं, तर माझं काय झालं असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. हा विचार मला वरच्या सगळ्यापेक्षा जास्त छळतो.

म्हणून पत्र घेऊन मी स्वतः बदलापूरला गेले. खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचलं. सुजाता दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?"

सुजाता मागून म्हणाली, "एकदा डोळे मिटले की हो, दोनदा म्हणजे नाही. असं करतो आम्ही."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो, पण ते उघडले नाहीत. थोड्या वेळाने श्वास लांब व्हायला लागला. त्यांना झोप लागली होती.

झोप आलेला माणूसही डोळे एकदाच मिटतो. मी पुन्हा विचारलेलं नाही.